मशीन गप्प झाल्यावर बोलणारं कार्ड कसं बनवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारं एक तपासणी-कार्ड मला बनवायचं आहे. त्याने पोस्ट कोड (मशीन सुरू होताना कुठवर पोचलं ते सांगणारे आकडे) दाखवावेत, व्होल्टेज नोंदवावेत, मशीन हँग झालं तर रॅममध्ये काय आहे ते वाचता यावं आणि शेजारच्या मशीनवरून रीसेटही देता यावा. स्लॉट जुना पीसीआय घेऊ की नवा पीसीआय एक्सप्रेस? आणि एफपीजीए कोणता घेऊ?"

एफपीजीएचा, म्हणजे आतली जोडणी आपण प्रोग्रॅम करून ठरवतो त्या चिपचा, प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मीही पहिल्या दोन-तीन कार्डांच्या वेळी तिथूनच सुरुवात केली होती आणि ती कार्डं आज खोक्यात पडून आहेत. ती चालत नव्हती असं नाही. चांगल्या मशीनवर छान चालायची. मशीन बिघडलं की मशीनबरोबर तीही गप्प बसायची. तपासणी-कार्डाचं हे एकच मोठं दुखणं आहे: ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच जिवावर ते जगतं. वीज त्याची, क्लॉक त्याचा, रीसेट त्याचा, आणि नोंदी बाहेर काढायच्या तर ड्रायव्हरही त्याच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर. मग ते आजारी पडलं की साक्ष देणार कोण?

म्हणून आधी हे ठरवा, की मशीन कोणत्या अवस्थेत असताना कार्डाने बोलायला हवं. एक अवस्था म्हणजे वीजच नीट येत नाही. दुसरी, वीज ठीक आहे पण प्रोसेसर पहिली सूचनाही चालवत नाही. तिसरी, बायोस, म्हणजे मशीन उठवणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम, सुरू होतो आणि मध्येच अडकतो. चौथी, ऑपरेटिंग सिस्टिम तासन्‌तास चालते आणि मग एकदम गोठते. तुम्ही मागितलेल्या चार सोयी या चार वेगवेगळ्या अवस्थांच्या आहेत, आणि एकाच स्लॉटमधून त्या चारही मिळत नाहीत. कोणती किती मिळेल हे बरंचसं तुमच्या बोर्डवर अवलंबून आहे. तुम्ही बोर्ड कोणता ते लिहिलेलं नाही, म्हणून मी "असं असेल तर" या भाषेत बोलतो.

पोस्ट कोडपासून सुरू करू. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये बायोस प्रत्येक टप्प्याला एक बाइट हेक्स ८० (सोळाच्या पद्धतीतला आकडा) या आय-ओ पोर्टवर, म्हणजे उपकरणांशी बोलण्याच्या पत्त्यावर, लिहायचा. हा पत्ता डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी आणि उपकरणांत डेटा हलवणाऱ्या सोयीच्या) पेज रजिस्टरांच्या पट्ट्यात येतो, पण कोणत्याही डीएमए चॅनेलला लागत नव्हता, म्हणून मोकळा सापडला. ती सवय आजवर टिकली आहे. इतर काही मशीनांत ८४, ९० असे पत्तेही वापरले गेले, त्यामुळे जुन्या मशीनसाठी कार्ड करत असाल तर पत्ता जंपरने बदलता यावा.

आयसा या जुन्या पीसींच्या बसवर (कार्डं जोडणाऱ्या सामाईक ओळींवर) हे काम अगदी सरळ होतं. पत्त्याच्या दहा ओळी, आय-ओ राइटचा सिग्नल, एक तुलना करणारी ७४एलएस६८८, जोडीला एखादं गेट, एक लॅच (बाइट धरून ठेवणारी चिप) आणि दोन सात-खंडी आकडे. पहिल्यांदाच कार्ड करणाऱ्याला मी अजूनही हेच करायला सांगतो, कारण यात दोन चुका हमखास होतात आणि दोन्हींतून पुष्कळ शिकायला मिळतं. पहिली चूक म्हणजे राइट सिग्नल खाली जाताना डेटा पकडणं. त्या क्षणी डेटा स्थिर झालेला असेलच असं नाही. सिग्नल परत वर जाताना पकडायचा. दुसरी चूक म्हणजे एईएन, म्हणजे डीएमए चालू असल्याचं सांगणारी ओळ, विसरणं. डीएमए चालू असताना पत्त्याच्या ओळींवर मेमरीचा पत्ता असतो आणि मेमरीतून उपकरणाकडे डेटा जात असेल तर आय-ओ राइटही हलतो. मेमरीच्या त्या पत्त्याचा खालचा भाग नेमका ८० आला, की कार्ड तो पोस्ट कोड समजून दाखवतं. माझ्या पहिल्या कार्डावर फ्लॉपीवर फाइल लिहिताना आकडे नाचायचे. मी दोन संध्याकाळी पॉवर सप्लायला दोष देत बसलो होतो. एईएन खाली असेल तेव्हाच डीकोड करा, बस.

पीसीआयवर खेळ बदलतो. बस ३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे एका क्लॉकला ३० नॅनोसेकंद. पत्ता आणि डेटा एकाच ओळींवरून पाठोपाठ येतात. फ्रेम सिग्नल खाली गेला आणि कमांडच्या चार ओळींवर ००११ दिसलं तर तो आय-ओ राइट. पत्ता ८० असेल तर पुढच्या टप्प्यातला डेटाचा खालचा बाइट तुमचा. महत्त्वाची गोष्ट ही, की कार्डाने डेव्हसेल, म्हणजे व्यवहार आपला असल्याचा सिग्नल, द्यायचा नाही. ते फक्त चोरून ऐकतं. उत्तर द्यायला दुसरा कोणीतरी बसलेला असतो, आणि कोणी नसलाच तर व्यवहार मास्टर-अबॉर्टने, म्हणजे पाठवणाऱ्यानेच सोडून दिल्याने, संपतो, पण तोपर्यंत बाइट ओळींवर येऊन गेलेला असतो. ऐकण्यापुरतं तेवढं पुरे.

इथला एक अनुभव सांगतो. एका मशीनवर माझ्या नोंदीत एकच कोड चाळीस-पन्नास वेळा सलग यायचा. बायोस त्या टप्प्यावर गोल गोल फिरतोय असं मी अगदी ठामपणे सांगून टाकलं होतं. प्रत्यक्षात समोरचा ब्रिज (दोन बस जोडणारी चिप) "आत्ता नको, पुन्हा ये" म्हणत होता, म्हणजे स्टॉप ही ओळ खाली आणि तयार असल्याचं सांगणारी टीआरडीवाय ही ओळ वर. याला रिट्राय म्हणतात. चिपसेट (बोर्डवरच्या नियंत्रक चिपा) तोच व्यवहार पुन्हा पुन्हा करत होता आणि माझं कार्ड प्रत्येक खेपेला नवी नोंद करत होतं. तेव्हापासून स्टॉप आणि टीआरडीवाय या दोन्ही ओळी मी कार्डावर घेतोच. आकडा नुसता दाखवायचा असेल तर त्या नसल्या तरी चालतात. नोंद ठेवायची असेल तर मात्र हव्यातच.

शिवाय पोर्ट ८० पीसीआयपर्यंत पोचतं की नाही, हेही तुमच्या हातात नसतं. इंटेलच्या आयसीएच मालिकेतल्या चिपसेटमध्ये हे पोर्ट पीसीआयकडे वळवायचं की एलपीसी या दुसऱ्या छोट्या बसकडे, हे ठरवणारा एक बिट असतो आणि तो बायोस लिहिणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. त्यामुळे एका बोर्डवर उत्तम चालणारं कार्ड शेजारच्या बोर्डवर "एफएफ" दाखवत बसतं, आणि लोक कार्ड खराब आहे म्हणून परत पाठवतात.

आता पीसीआय एक्सप्रेस. तुमचा ओढा तिकडे दिसतोय, म्हणून स्पष्टच सांगतो: पोस्ट कोडसाठी तो स्लॉट सोडून द्या. ही बसच नव्हे. प्रत्येक स्लॉटकडे स्वतंत्र जोडणी असते आणि पॅकेट ज्याला उद्देशून असेल त्यालाच जातं, मग चोरून ऐकणार कोणाचं? ब्रिज पुढे पाठवतो ते पत्ते ४ किलोबाइटच्या खिडक्यांत मोजले जातात आणि सर्वसाधारण बोर्डवर ८० हे पोर्ट कोणत्याही स्लॉटच्या खिडकीत बसत नाही. समजा बसवलंच, तरी लिंक जुळेपर्यंत काहीही पोचत नाही. बायोसचे सगळ्यात मोलाचे कोड, म्हणजे मेमरी तपासणीच्या आधीचे, तोवर निघून गेलेले असतात.

मग नव्या बोर्डवर ते कुठे मिळतात? बऱ्याच बोर्डांवर टीपीएमसाठी (सुरक्षेच्या चिपसाठी) एक छोटा हेडर, म्हणजे पिनांचा गट, असतो. त्यावर एलपीसी आलेली असेल तर तुमचं निम्मं काम झालं. एलपीसी ही इंटेलने १९९८ च्या सुमारास आयसाच्या जागी आणलेली छोटी बस. डेटाच्या चार ओळी, एक फ्रेम, एक रीसेट, एक क्लॉक, आणि सगळं ३.३ व्होल्टवर. आय-ओ राइट ओळखणं सोपं आहे. फ्रेम खाली असताना ओळींवर ००००, पुढच्या क्लॉकला ००१०, मग पत्त्याचे चार निबल (चार-चार बिटांचे तुकडे), मोठा आधी, आणि मग डेटाचे दोन निबल, लहान आधी. हा उलटा क्रम लक्षात ठेवा. ३८ च्या जागी ८३ वाचून मी एकदा कोड-तक्त्यात नसलेला बिघाड शोधत होतो. अख्खा व्यवहार १३ क्लॉकचा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झला ०.३९ मायक्रोसेकंद. इंटेलच्या नंतरच्या काही चिपसेटवर हा क्लॉक २४ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणून कार्डात ३३ हा आकडा कोरून ठेवू नका. बसचाच क्लॉक वापरून पकडा.

अगदी नव्या बोर्डांवर एलपीसीची जागा ई-एसपीआयने घेतली आहे. ती १.८ व्होल्टची. ३.३ व्होल्टचं कार्ड त्यावर खोचून पाहू नका, पाहायचंच असेल तर बोर्ड आपल्या पैशाचा असू द्या. रीसेटनंतर ती २० मेगाहर्ट्झवर एकाच ओळीने सुरू होते, आणि मग होस्ट, म्हणजे समोरचं मशीन, सांगेल तशी दोन किंवा चार ओळींवर आणि ६६ मेगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ऐकणाऱ्या कार्डाला नुसता डेटा वाचून भागत नाही. होस्टने "आता चार ओळींवर या" म्हटलं, की त्यालाही त्याच क्षणी बदलावं लागतं. जमतं, पण पहिल्या कार्डासाठी हे काम मी कोणाला सुचवणार नाही.

सर्व्हर बोर्ड असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक आधीपासून बसलेला असतो आणि आस्पीड या कंपनीच्या बीएमसी चिपमध्ये पोर्ट ८० ऐकण्याची सोय असते. तिथे वेगळं कार्ड बनवणं म्हणजे घरात विहीर असताना पाण्यासाठी गावभर हिंडणं. शोधायला लागा ते बीएमसीच्या सेटिंगमध्ये.

आता मला सगळ्यात जास्त छळलेल्या विषयाकडे येतो: वीज. कार्ड स्लॉटच्या विजेवर चालवलं तर पहिल्या अवस्थेत, म्हणजे वीजच नीट नसताना, ते आंधळं. स्लॉटवर ३.३ व्होल्ट ऑक्झिलरी, म्हणजे मशीन बंद असतानाही मिळणारी थोडी वीज, असते, पण त्या मशीनला जागं करण्याची सोय चालू असेल तरच ३७५ मिलिअँपिअर घेता येतात. नसेल तर मर्यादा २० मिलिअँपिअर. तेवढ्यावर एफपीजीए पोसता येत नाही. म्हणून कार्डाला वीज बाहेरून हवी आणि सरळ मार्ग म्हणजे ज्या मशीनवर नोंदी वाचायच्या, त्याच्याच यूएसबीमधून घ्यायची.

आणि हे केलं की नवा घोळ सुरू होतो. माझं तिसरं कार्ड यूएसबीवर चालायचं. एक मदरबोर्ड तपासायला घेतला. त्याची तक्रार होती की पूर्ण बंद करून सुरू केलं तरी कधीकधी उठत नाही. कार्ड लावलं, आणि खरंच, दहापैकी सहा-सात वेळा उठेना. दोन दिवस त्या बोर्डचा रीसेट परिपथ तपासला. शेवटी वैतागून मशीन बंद असताना स्लॉटवरची ३.३ व्होल्टची रेल (वीजवाहिनी) मोजली तर ती शून्य नव्हती, एक व्होल्टच्या वर होती. माझ्याच कार्डाच्या पुल-अप रेझिस्टरांमधून (ओळी वर ओढून धरणाऱ्या) आणि एफपीजीएच्या पिनांमधून वीज उलटी त्या बंद बोर्डात शिरत होती. रेल पूर्ण खाली जातच नव्हती, मग बोर्डला "मी आत्ता चालू झालो" हे कळणार कसं? मूळ तक्रारीचं कारण वेगळंच निघालं, पॉवर सप्लायमधला एक थकलेला कपॅसिटर. पण ते सापडायच्या आधी मी स्वतःच पेरलेला बिघाड दोन दिवस उपसत होतो.

यातून दोन गोष्टी. कार्ड चालू आणि मशीन बंद, तसंच मशीन चालू आणि कार्ड बंद, या दोन्ही स्थितींत एकाचीही वीज दुसऱ्यात जाता कामा नये. आणि एफपीजीए कॉन्फिगर होण्याच्या आधी त्याच्या पिनांवर बहुधा आतले हलके पुल-अप चालू असतात, हे आराखड्यात धरा. प्रत्येकी क्षुल्लक असतात, पण चाळीस पिनांचे मिळून क्षुल्लक राहत नाहीत. मी आता स्लॉट आणि एफपीजीए यांच्या मध्ये ७४एलव्हीसी८टी२४५ जातीचे, दोन बाजूंना दोन वेगळ्या रेल असलेले बफर टाकतो. दोहोंपैकी कोणतीही एक रेल शून्यावर गेली की त्यांचे दोन्ही बाजूंचे पिन मोकळे होतात. स्लॉटची बाजू स्लॉटच्या रेलवर, कार्डाची बाजू कार्डाच्या. बफरमुळे काही नॅनोसेकंदांचा उशीर होतो, म्हणून क्लॉकही डेटाबरोबर त्याच चिपमधून न्या. दोघांना सारखाच उशीर झाला की एकमेकांच्या तुलनेत ते जागच्या जागी राहतात. मात्र जुन्या ५ व्होल्टच्या पीसीआय स्लॉटसाठी बाजूची खाच आणि व्ही-आय-ओ पिनवरचा (म्हणजे सिग्नलचा) व्होल्टेज पाहून मगच बफर ठरवा.

व्होल्टेज नोंदवण्याचं काम दिसतं सोपं. एटीएक्सच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या मानकाच्या) मुख्य रेलना सर्वसाधारणपणे ५ टक्के सूट असते, म्हणजे १२ व्होल्टची रेल ११.४ ते १२.६ मध्ये हवी. रेलवर एलईडी लावून "पेटला म्हणजे वीज आहे" असं समजू नका. ५ व्होल्टच्या रेलवरचा एलईडी ४ व्होल्टलाही आनंदाने पेटतो. एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपने) सेकंदाला हजार वेळा मोजलं तरी शंभर मायक्रोसेकंदांची घसरण निसटते आणि रीसेट बहुतेकदा अशाच घसरणीने होतो. प्रत्येक रेलला खालच्या मर्यादेवर एक कंपॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारी चिप) लावा आणि तो एकदा पडला की पडलेलाच राहील असा लॅच करा. एडीसी कल दाखवायला, कंपॅरेटर गुन्हेगार पकडायला. हेही ध्यानात ठेवा की स्लॉटवर दिसतो तो स्लॉटचा व्होल्टेज. प्रोसेसरच्या रेग्युलेटरचं तिथे काहीच कळत नाही. त्यासाठी वेगळी तार काढावी लागते.

नोंदी कशा ठेवाव्यात, हे मला आकडे दाखवण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. दोन आकडी डिस्प्ले फक्त शेवटचा कोड सांगतो. बिघाड असतो क्रमात आणि वेळेत. एफपीजीएमध्ये एक फिफो (आलेल्या क्रमाने साठवणारी रांग) ठेवा आणि प्रत्येक कोडबरोबर एक मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने वेळ लिहा. ३२ बिटांचा मोजणीदार सुमारे ७१ मिनिटांनी उलटतो, त्या उलटण्याचीही नोंद करा. रीसेट खाली गेला, वर आला, रेल घसरली, बसचा क्लॉक थांबला, हे सगळं त्याच एका यादीत, त्याच घड्याळावर. मी सुरुवातीला कोडची यादी वेगळी आणि व्होल्टेजची वेगळी ठेवायचो. मग "कोड थांबला म्हणून रीसेट झाला, की रीसेट झाला म्हणून कोड थांबला" यावर वाद घालत बसावं लागायचं. घड्याळासाठी कार्डावर स्वतंत्र ऑसिलेटर ठेवा. बसचा क्लॉक घेतलात तर तो थांबल्याची वेळ कशाने मोजणार?

वेळ किती कामाची असते याचं ताजं उदाहरण म्हणजे डीडीआर५ मेमरी असलेली मशीनं. नव्याने जोडल्यावर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला (मेमरीशी वेळेचा मेळ बसवायला) कधीकधी काही मिनिटं लागतात. पडद्यावर काही नाही, कोड एकाच जागी. माणूस घाबरून बटण दाबतो आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. नोंदीत मधले छोटे छोटे कोड येत असतील तर मशीन काम करतंय, हात लावू नका.

कोडचा अर्थ कार्डाने सांगू नये, असं माझं मत आहे. एएमआय, अवॉर्ड, फिनिक्स, इनसाइड या बायोस बनवणाऱ्या कंपन्या, प्रत्येकीचे तक्ते वेगळे, आणि एकाच कंपनीचे वेगवेगळ्या काळातले तक्तेही वेगळे. अर्थ पीसीवरच्या प्रोग्रॅममध्ये ठेवा, बदलता येईल असा. जाता जाता: सात-खंडी आकड्यात बी आणि ६ सारखे दिसू देऊ नका. सहाला वरची आडवी रेघ द्या. लिनक्स सुरू झाल्यावर डिस्प्लेवर भलतेच आकडे चमकले तरी घाबरू नका. जुन्या उपकरणांशी बोलताना क्षणभर थांबण्यासाठी त्याचे कर्नल पोर्ट ८० वरच लिहीत आले आहेत. काही लॅपटॉपवर त्यानेच मशीन गोठायचं, म्हणून पर्यायी पोर्टाची सोय करावी लागली.

आता चौथी अवस्था, गोठलेली ऑपरेटिंग सिस्टिम. इथे पीसीआय एक्सप्रेसला अर्थ आहे, कारण लिंक केव्हाच जुळलेली असते आणि कार्ड स्वतःहून होस्टची रॅम वाचू शकतं. पण अटी आहेत. सिस्टिमने कार्डाला बस-मास्टरची, म्हणजे स्वतःहून वाचण्या-लिहिण्याची, परवानगी आधी दिलेली हवी, गोठल्यावर कोणी ती द्यायला येत नाही. आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांच्या मेमरी-वापरावरचा पहारा, चालू असेल, इंटेलचं व्हीटी-डी किंवा एएमडीचं त्याच धर्तीचं, तर कार्डाला त्याच्यासाठी उघडलेलीच पानं दिसतात. तुमचंच मशीन असेल तर तपासणीपुरतं ते बंद ठेवता येतं. दुसऱ्याचं असेल तर ते बंद करणं म्हणजे कुलूप काढणं, आधी लेखी विचारा. तिसरी अट, पत्ते आंधळेपणाने शून्यापासून वाचत जाऊ नका. ४ गिगाबाइटच्या खाली उपकरणांसाठी राखलेला पट्टा असतो आणि तिथे रॅम समजून वाचलं तर अर्धमेलं मशीन पूर्ण मरतं. मेमरीचा नकाशा मशीन धडधाकट असताना काढून कार्डात ठेवून द्या.

एवढं करूनही चिपसेटच अडकला असेल तर वाचनाला उत्तर येत नाही. त्यामुळे "हँग झालं की रॅम वाचता येईल" हे विधान मी "बऱ्याचदा" लावल्याशिवाय करत नाही.

खरं सांगू? गोठलेल्या सिस्टिमसाठी रॅम वाचण्याआधी मी एनएमआय वापरून पाहतो. ही प्रोसेसरला दिलेली अशी हाक, की सर्वसाधारण इंटरप्ट बंद असले तरी ती ऐकू जाते. आयसावर आय-ओ-चेक ही ओळ खाली ओढली की ती मिळायची, १९८० च्या दशकातली डीबगर-कार्डं हेच करत, बटणाची तार त्या ओळीला. पीसीआयवर एसईआरआर ही ओळ त्याच कामाची. ती ओपन-ड्रेन आहे, म्हणजे फक्त खाली ओढता येते, म्हणून एका क्लॉकपुरती खाली ओढायची आणि सोडायची. चिपसेटमध्ये ती एनएमआयपर्यंत जाऊ दिलेली असली पाहिजे. लिनक्सला आधीच सांगून ठेवा की अनोळखी एनएमआय आली किंवा एसईआरआर झाला तर पॅनिक कर, म्हणजे काम थांबव, आणि के-डंप (मेमरी उतरवून ठेवणारी सोय) तयार ठेवा. मग कर्नल स्वतःच आपली मेमरी नीट डिस्कवर उतरवतं, आणि ती तुमच्या कार्डाने खरवडून काढलेल्या मेमरीपेक्षा वाचायला कितीतरी सोपी असते.

रीसेटसाठी तर स्लॉटचा विचारच करू नका. पुढच्या पॅनेलच्या पॉवर आणि रीसेट पिनांना समांतर दोन ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारे, विजेने अलग असलेले स्विच) लावा. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, तेच काम कार्ड करेल. सगळ्यात स्वस्त, आणि कधीही न फसलेली सोय हीच.

आता एफपीजीए. ऐकण्याच्या कामाला, म्हणजे एलपीसी किंवा पीसीआयला, छोटा आणि आतच फ्लॅश असलेला घ्या. लॅटिस कंपनीचा माकएक्सओ२ किंवा तशाच जातीचा. वीज आल्यावर काही मिलिसेकंदांत तो जागा होतो. पीसीआय एक्सप्रेससाठी घेतलात तर वेळेचं गणित आधी करा. वीज स्थिर झाल्यापासून रीसेट सुटेपर्यंत किमान १०० मिलिसेकंद मिळतात आणि त्यानंतर २० मिलिसेकंदांत कार्डाने लिंक जुळवायला लागलं पाहिजे. आर्टिक्स-७ जातीच्या ३५टी या एफपीजीएला सुमारे १.७५ कोटी बिट भरावे लागतात. एका ओळीच्या एसपीआय फ्लॅशमधून (ते बिट साठवणाऱ्या चिपमधून) ३३ मेगाहर्ट्झला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतात, म्हणजे बायोस स्लॉट पाहून पुढे निघून जातो आणि कार्ड "सापडत नाही". चार ओळी आणि ५० मेगाहर्ट्झ केलं तर तेच काम ८८ मिलिसेकंदांत होतं. कार्ड पहिल्यांदा सापडत नाही आणि रीस्टार्ट केल्यावर सापडतं, अशी तक्रार आली की मी दुसरं काही पाहतच नाही. इथेही बाहेरून वीज दिलीत तर हा प्रश्नच उरत नाही, एफपीजीए मशीनच्या आधीपासून जागा असतो.

बोर्ड आखताना: पीसीआयवर सिग्नलची लांबी दीड इंचाच्या आत, क्लॉकची अडीच इंच, आणि प्रत्येक सिग्नलवर एकच भार. "फक्त ऐकतोय" म्हणून दोन चिपा एका ओळीवर टांगू नका. गोल्ड फिंगरवर (स्लॉटमध्ये जाणाऱ्या पट्ट्यांवर) कठीण सोन्याचा मुलामा मागा, कारण तपासणी-कार्ड इतर कार्डांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आत-बाहेर होतं आणि पातळ मुलामा लवकर उडतो. प्रत्येक रेलवर फ्यूज. एका बाजूला आयसा आणि दुसऱ्या बाजूला पीसीआय अशी दुतोंडी कार्डं उलटी खोचली जाण्याची फार शक्यता असते, म्हणून "ही बाजू इकडे" हे ठळक छापा. हसू येईल, पण माझं एक कार्ड मीच उलटं खोचून जाळलं आहे.

माझ्या मते तुमची वाट अशी असावी: पहिलं कार्ड फक्त टीपीएम हेडरवर बसणारं, यूएसबीवर चालणारं, कोड आणि रेलच्या नोंदी ठेवणारं, सोबत रीसेटचे दोन ऑप्टोकपलर. रॅम वाचणारं कार्ड वेगळं आणि नंतर, तेही एनएमआयने काम भागत नसेल तरच. पहिलं कार्ड तयार झालं की धडधाकट मशीनवर दहा वेळा नोंद घ्या आणि त्या एकमेकींशी जुळतात का पाहा. मग मुद्दाम रॅम काढून पुन्हा घ्या. आणि कार्ड यूएसबीवर चालू, मशीनची मेन्सची पिन काढलेली, अशा स्थितीत मशीनच्या रेल मोजा. शून्याच्या जवळ नसतील तर पुढे जाऊ नका.

तुमच्या बोर्डवर टीपीएमचा हेडर आहे का, त्याच्या कागदावर एलपीसी लिहिलंय, एसपीआय की ई-एसपीआय, आणि त्याच्या वीजपिनवर ३.३ व्होल्ट आहेत की १.८, एवढं कळवा. नुसत्या पिनांच्या संख्येवरून ठरवू नका, प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असते. ते कळलं की बफर कुठले आणि किती, हे नेमकं सांगता येईल.